गड्ड्याच्या रात्रीच्या तीन कॅप्सूल

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

सोलापुरातला ३४ वर्षांचा वाचक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतो. घरी आई-वडील, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. सात वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडला, कमरेला मार बसला, डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी ट्रामाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. दहा दिवस संपले, कॅप्सूल सुटल्या नाहीत. शेवटी शेवटी दिवसाला पंधरा-वीस व्हायच्या. घरच्यांना कळलं ते जेवताना फिट आली तेव्हा. आधी पंढरपूरला नेऊन माळ घातली. मग नात्यातल्या कुणीतरी सुचवलेल्या एका ‘केंद्रा’त तीन महिने डांबलं, तिथं मारहाण झाली. बाहेर आल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा गोळी. बायको मुलीला घेऊन बार्शीला माहेरी गेली. गेल्या ऑगस्टच्या मध्यावर तो स्वतःहून पुण्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला आणि ३५ दिवस राहिला. नातेवाइकांना ‘कंपनीचं ट्रेनिंग’ सांगण्यात आलं. दिवाळीत बायको परत आली, पण एका अटीवर: “पुन्हा एक गोळी जरी घेतली, तर मी कायमची जाणार.”

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत, शोभेच्या दारूकामाच्या रात्री मुलीला तासभर खांद्यावर घेतलं आणि घरी आल्यावर कंबर धरली. जुना मित्र भेटला, त्याच्याकडून तीन कॅप्सूल घेतल्या. त्यानंतर आजवर एकही नाही, आणि कुणाला सांगितलेलंही नाही. येत्या पंधरवड्यात सहा महिने पूर्ण झाल्याबद्दल व्यसनमुक्तीच्या गटात त्याला गुलाब आणि मेडल मिळणार आहे. बायको आणि वडील येणार आहेत, त्यानं उभं राहून अनुभव सांगायचा आहे. तो विचारतो: “सांगितलं तर संसार मोडतो, नाही सांगितलं तर खोटं मेडल घेतो. दारू असती तर वास आला असता. गोळीला वास नाही, म्हणजे कुणाला कधीच कळणार नाही. मग सांगू का? की शून्यावर आलोच आहे, तर गप्प राहून नव्यानं मोजायला लागू?”

मित्रा,

मी तुझ्याहून वीस वर्षांनी मोठा आहे आणि तू ज्या वाटेनं गेलास त्या वाटेनं दोनदा जाऊन आलोय. म्हणून एकेरीत बोलतो, राग मानू नकोस. माझी दारू होती, तुझ्या कॅप्सूल. आतले दिवस मात्र दोघांचे सारखेच गेले असणार: पहाटेची उठवणी, प्रार्थना, योगासनं, बाथरूम धुण्याची पाळी, आणि गटात बसून ‘मी व्यसनी आहे’ हे वाक्य घशातून बाहेर काढणं. पहिल्या आठवड्यात मला ते वाक्य म्हणताच आलं नव्हतं. तू पत्राची सुरुवात त्याच वाक्यानं केलीस. ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि जरा वेळ नुसता बसून राहिलो.

सल्ल्याच्याही आधी एक गोष्ट, कारण तिथं जिवाशी गाठ आहे. सात वर्षं तू जेवढ्या कॅप्सूल घेत होतास तेवढ्या सोसायची सवय तुझ्या शरीराला झाली होती. पाच महिने बंद ठेवल्यावर ती सवय उतरली. उद्या तलफ आली आणि ‘आपला जुना डोस’ म्हणून तेवढ्याच घेतल्यास, तर हे शरीर तो डोस झेलणार नाही. श्वास मंदावत जातो आणि माणूस झोपेतच जातो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर धोका कितीतरी वाढतो. अफूच्या जातीच्या नशेतली पुष्कळ माणसं केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दगावतात, ती याच कारणानं. ट्रामाडॉल जास्त झालं तर फिट येते, ते तू भोगलंच आहेस. तू तीनवर थांबलास, याला मी फार मोठं मानतो. पण त्या रात्री तुला काही झालं असतं, तर डॉक्टरांना ‘यानं अमुक घेतलंय’ असं सांगणारं घरात कुणीही नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं माझं अर्धं उत्तर इथंच आहे.

“गोळीला वास नाही, म्हणजे कुणाला कधीच कळणार नाही.” हे तू सुटकेचा निःश्वास टाकल्यासारखं लिहिलंयस, आणि मला पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तेच वाटलं. माझा वास जिन्यावरूनच यायचा, असं माझी मुलगी सांगते. तू मात्र सात वर्षं ताटावर बसून, खतावण्या चोख लिहून, मुलीला शाळेत सोडून गोळ्या घेत राहिलास. तुम्ही टॉवेलवाली माणसं, ताणा-बाणा तुम्हांला मी काय समजावणार? तुझ्या व्यसनात लपवणं हा ताणा होता आणि गोळी हा बाणा. ताणा मागावर चढलेला असला की बाणा घालायला कितीसा वेळ लागतो? गड्ड्यानंतर तू गोळी घेतली नाहीस, हे खरं आहे. पण ताणा पुन्हा चढलाय.

हे मी अंगावरून गेलेलं सांगतोय. दुसऱ्यांदा केंद्रातून आल्यावर सात महिने मी दारूला शिवलो नव्हतो. मग विजापूर रोडला एका लग्नाच्या वरातीत एक पेग झाला. एकच. घरी येऊन गूळ-फुटाणे खाल्ले, तोंड धुतलं, झोपलो. कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मनात पहिला विचार आला तो हाच, की कळत नाही. पुढं सव्वा महिना मी गप्प होतो. माझी दारू सुटली म्हणून बायकोनं अकरा गुरुवार बोलले होते, अक्कलकोटचे. मी तिच्या शेजारी एसटीत बसून जायचो. पाचव्या गुरुवारी परत येताना तिनं प्रसादाची पुडी माझ्या हातात ठेवली आणि मी ती घेतली. पुडी हातात असताना जे वाटत होतं ते सहन होईना, आणि सहन न होणाऱ्या गोष्टीवर मला औषध एकच माहीत होतं. त्या रात्री मी प्यालो तो सकाळपर्यंत. तिला कळलं ते माझ्याकडून नाही, बारमध्ये मला पाहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून. पिण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, “मग माझ्यासंगं गुरुवारी कशाला येत होता तुम्ही?”

या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे उघड्यावर सांगतोय.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ. तू ती घाईत लिहून पुढं गेलास: “दिवाळीनंतर ऑर्डरी वाढल्या, गटाला जाणं मागं पडलं, पुण्याचा फॉलोअपही दोनदा चुकला.” तू समजतोस की घसरण दारूकामाच्या रात्री झाली. मला ती नोव्हेंबरात झालेली दिसते. बायको परत आली, घर भरलं, पगार वेळेवर घरात यायला लागला. वडील चारचौघांत म्हणायला लागले, “पोरगं पस्तीस दिवसांत धुऊन निघालं.” आणि हळूहळू तुलाही ते पटायला लागलं. पस्तीस दिवसांत शरीरातलं विष उतरतं, झोप थोडी बसते, आपण काय करत होतो ते दिसायला लागतं. खरा इलाज त्यानंतरचा, दर आठवड्याला गटात जाऊन बसण्याचा. तोच तू ऑर्डरींच्या ढिगाखाली ठेवलास.

आणि तू लिहितोस की जुना मित्र ‘भेटला’. रात्री अकराला कंबर धरलेली असताना माणूस असा रस्त्यात भेटत नाही, त्याला फोन करावा लागतो. म्हणजे तो नंबर पाच महिने तुझ्या फोनमध्ये होता. का ठेवला होतास याचं उत्तर मला देऊ नकोस, तुझ्या समुपदेशक ताईंना दे. नंबर मात्र हे वाचून होण्याआधी काढून टाक.

‘शून्यावर आलो’ म्हणतोस त्याबद्दल. तारीख बदलेल, ते कबूल कर. गटाच्या हिशेबानं तुझे सहा महिने आता जुलैत भरतील. पण ऑगस्टातले ते पहिले आठ-दहा दिवस आठव: नाका-डोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोट बिघडलेलं, रात्र रात्र पाय झाडत काढलेली टर्की, म्हणजे नशा बंद झाल्यावरचा तो सगळा त्रास. ती तुला पुन्हा काढावी लागलेली नाही. तलफ वीस-पंचवीस मिनिटं चढते आणि उतरते, हे तू शिकलास आणि तीननंतर चौथी न घेता ते वापरलंसही. शून्यावरच्या माणसाला हे जमत नाही. अमेरिकेतली व्यसनांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था सांगते की उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात, आणि रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांचं पथ्य मोडून दुखणं उलटण्याचं प्रमाणही याच आसपासचं किंवा त्याहून जास्त आहे. आपल्या सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर लोणच्याची फोड घेतल्याशिवाय उठत नाहीत असे बीपीवाले घरोघरी आहेत. त्यांना कुणी ‘तुझी इच्छाशक्ती मेली’ म्हणत नाही, डॉक्टरांकडे नेतात. पण हे आकडे मी तुला पांघरायला देत नाही. बीपीवाल्यानं पथ्य मोडलं आणि वर डॉक्टरांपासून लपवलं, तर पुढं काय होतं ते आपण पाहतोच.

तू एकटा आहेस असंही समजू नकोस. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातल्या दर शंभर भारतीयांमागे जवळपास एक जण अफूच्या जातीची औषधं नशेसाठी घेत असल्याचं दिसलं. यातले कितीतरी तुझ्यासारखेच डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून सुरू झालेले असतात. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आलं आहे, ते उगीच नाही.

आता बायकोकडे येऊ. खरा प्रश्न तिथंच आहे.

तुझ्या पत्रात ती फक्त एका जागी बोलते: अट घालताना. बाकी सगळ्या पत्रात ती निकाल देणारी म्हणून उभी आहे. मी तिच्या बाजूनं जरा विचार करून पाहिला. सात वर्षं तिनं खिसे तपासले असतील, डिकी उघडून पाहिली असेल, तू आंघोळीला गेलास की पाकीट चाचपलं असेल. फिट आली तेव्हा तुझ्या तोंडाशी फेस पाहणारी ती पहिली. एवढं होऊनही दिवाळीत पोरीला घेऊन ती परत आली. ती अट मला भीतीतून आलेली वाटते: पुन्हा अंधारात राहावं लागू नये, याची भीती. आणि आज ती अंधारातच आहे. तू लिहिलंयस, आठवड्यात दोनदा तिनं विचारलं, “झोप लागत नाही का?” मला वाटतं तिला वासाशिवायच काहीतरी लागलंय. तिला उत्तर मिळालं नाही तर ती पुन्हा खिसे तपासायला लागेल, आणि मग संसार टिकूनही कसा टिकला म्हणायचं?

सांगितल्यावर ती जाईल का? जाऊ शकते. मी तुला खोटा धीर देणार नाही. जाणं हा तिचा अधिकार आहे. ती गेली तर ‘बघ, खरं बोलून हेच मिळतं’ असं मनात आणू नकोस, कारण ते वाक्य थेट त्या मित्राच्या दारात नेऊन सोडतं. तिनं थांबावं म्हणून सांगू नकोस. तिच्या आणि पोरीच्या आयुष्याचा निर्णय तिनं खऱ्या माहितीवर घ्यावा म्हणून सांग.

गप्प राहण्याच्या बाजूनं काहीच नाही असं मी म्हणत नाही. आमच्या गटात असे दोघे-तिघे आहेत ज्यांनी एखादी घसरण वर्षभर पोटात ठेवली, मग सांगितली, आणि ते चांगले आहेत. पण तुझी कंबर अजून दुखते, गोळी कुठं मिळते ते तुला माहीत आहे, गट सुटलाय आणि कुणाला कळत नाही हे एकदा करून पाहिलंयस. एवढं सगळं एका जागी असताना मी तुला थांबायला सांगणार नाही.

दुसरा मोह वेगळा आहे, आणि तुझ्यासारख्या प्रामाणिक माणसाला तो होतोच: सहा महिन्यांच्या मीटिंगला उभं राहून सगळ्यांसमोर एकदम कबूल करून टाकावं. कृपा करून तसं करू नकोस. तीस-चाळीस माणसांत बसून ती हे पहिल्यांदा ऐकेल, आणि तिला रडावं की उठून जावं हेही कळणार नाही. तुझं मन मोकळं होईल, पण ते तिच्या खर्चानं.

मी सांगेन तो क्रम असा. आज किंवा उद्या पुण्याच्या ताईंना फोन कर. त्यांनी असले फोन शेकड्यांनी घेतलेले असतात, त्या तुझ्यावर ओरडणार नाहीत. मग मानसोपचारतज्ज्ञ. इथल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेलास तरी चालेल. तलफ आणि पुन्हा घसरण रोखायला काही वेळा नाल्ट्रेक्सोनसारखं औषध देतात. ते कधी सुरू करायचं ते डॉक्टरच ठरवतात, कारण अंगात अफूच्या जातीचं काही असताना ते दिलं तर टर्की उसळते. म्हणून तीन कॅप्सूल, अमुक तारीख, हे त्यांना अगदी खरं सांगावंच लागतं. पोलिसांची भीती बाळगू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजारही येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यांवर बंधन आहे.

हे दोन झाले की मग तिला सांग, मीटिंगच्या निदान चार दिवस आधी. रात्री नको, पोर शेजारी झोपलेली असताना नको, आणि स्वयंपाकघरात सासू-सासऱ्यांच्या कानावर जाईल असं तर नकोच. सकाळी पोरीला शाळेत सोडून दोघं सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चाला. चालताना एकमेकांकडे बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. वाक्यं चारच: केव्हा, काय, किती, आणि त्यानंतर मी काय केलं. ‘का’ तिनं विचारल्याशिवाय सांगू नकोस, कारण ‘का’ची सुरुवात केली की आपल्या तोंडातून ‘तू’, ‘घर’, ‘कंबर’ असं सगळं यायला लागतं. रडू नकोस असं नाही म्हणत, पण तिला तुझी समजूत घालावी लागेल इतकं रडू नकोस. शपथ घेऊ नकोस. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तर मुळीच नको. त्या डोक्यावर ते ओझं कशाला?

मग तिला विचार, “तुला काय हवंय?” आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. ते दोन दिवसांनी आलं तरी चालेल. ती म्हणाली की बार्शीला जाते, तर स्टँडवर सोडायला जा. ती म्हणाली की लघवीची तपासणी करत जा, तर हो म्हण, पण डॉक्टरांकडून करून घे. साध्या अफूच्या किटमध्ये ट्रामाडॉल बहुधा दिसत नाही, त्याची चाचणी वेगळी लागते. चुकीच्या किटचा ‘निगेटिव्ह’ कागद तिच्या हातात पडू देऊ नकोस. हे तुला माहीत असेल आणि तिला नसेल, तर आपणहून सांग. तिलाही बोलायला कुणीतरी हवं. पुण्यातल्या केंद्रांत बायकांचे वेगळे गट असतात. तिथं तिला ‘नवऱ्याला सांभाळ’ म्हणणारं कुणी भेटणार नाही, ‘तू कशी आहेस?’ असं विचारणाऱ्या भेटतील.

मीटिंगचं काय? गटातल्या ज्येष्ठांना आधी सांग: माझी तारीख बदलली, गुलाब नको. आणि तरीही मीटिंगला जा. सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसलास तरी चालेल. माझी तारीख बदलली त्या वेळी मी दोन महिने गेलोच नाही, लाज वाटायची. नंतर कळलं की त्या खोलीतल्या निम्म्या माणसांची तारीख कधी ना कधी बदललेली होती.

वडिलांना बायकोनंतर सांग. ‘धुऊन निघालं’ हे ते अभिमानानं म्हणतात, तो अभिमान हिसकावून घेऊ नकोस. एवढंच सांग, “अण्णा, मी अजून बरा होतोय, पूर्ण बरा झालो असं लोकांना सांगू नका. माझ्यावर त्याचं दडपण येतं.” तुझ्या वडिलांना तू काय म्हणतोस ते तू लिहिलेलं नाहीस, मी माझ्या वडिलांना अण्णा म्हणायचो, म्हणून तसं लिहून गेलो. नातेवाइकांना, कारखान्यात, गल्लीत सांगायची काही गरज नाही. ‘ट्रेनिंग’ची थाप तशीच राहू दे. ज्यांच्याबरोबर तू राहतोस आणि जे तुझ्यावर उपचार करतात, त्यांच्यापुरतं खरं पुरे आहे.

आणि कंबर! पत्रभर तू पश्चात्तापाबद्दल लिहिलंस, कंबरेबद्दल दीड ओळ. ती पुन्हा धरणार आहे. हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिलंच वाक्य असं टाक, “मला ट्रामाडॉलचं व्यसन होतं, त्या जातीचं काही लिहू नका.” फिजिओथेरपी, शेक, दुसऱ्या गटातली वेदनाशामकं, पर्याय पुष्कळ आहेत. दाताच्या डॉक्टरांनाही हेच सांगायचं, आणि ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्यांनाही. दुखण्याच्या रात्री काय करायचं ते दुखत नसताना ठरवून ठेव: कुणाला फोन, कुठली गोळी, ती कुणाच्या कपाटात. सहा वर्षांच्या पोरीला खांद्यावर घेऊन तासभर उभं राहणं आता तुझ्याच्यानं होणार नाही. पुढच्या गड्ड्याला मैदानावर लवकर जाऊन पुढं जागा धर, ती तुझ्या शेजारी उभी राहून बघेल.

तुझ्यासारखी पत्रं महिन्याला दोन-चार येतात, बहुतेक आई-बायकांची. त्यांच्यासाठीही दोन शब्द.

माळेला मी नावं ठेवणार नाही. माझ्या ओळखीतले दोघे माळ घालून सुटले ते आजतागायत. पण त्यांना नीट पाहिलं तर माळेमागं दिंडी होती, एकादशीचं भजन होतं, दर पंधरा दिवसांनी ‘काय रे, आला नाहीस?’ म्हणून विचारणारी माणसं होती. नुसती माळ गळ्यात घालून माणसाला त्याच्या त्याच मित्रांत सोडून दिलं तर एकट्या मण्यांनी काय करावं? चहा-भाजीत गुपचूप घालायच्या पुड्या मात्र अजिबात आणू नका. दारू सोडवण्याच्या औषधात डायसल्फिराम असलं आणि वरून माणूस प्याला, तर जिवावर बेतू शकतं.

आणि डांबून मारणारी ठिकाणं. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं, पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) व्यसनातल्या पोरांना माणसासारखं वागवून बरं करता येतं हे महाराष्ट्रानं पाहिलं. त्याला आता जवळपास चाळीस वर्षं झाली. तरीही कुणी आपल्या मुलाला साखळीच्या भरवशावर सोपवत असेल तर मला वाईट वाटतं. साखळीनं बांधायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षण हा रुग्णाचा हक्क आहे. केंद्र निवडताना चार गोष्टी विचारा: डॉक्टर रोज येतात का, मानसोपचारतज्ज्ञ आहेत का, घरच्यांना भेटू देतात का, आणि बाहेर आल्यानंतरचा फॉलोअप काय आहे. शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर परत फिरा. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली जायला हवेत. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, या दोन सरकारी हेल्पलाइन फुकट आहेत.

मित्रा, तू विचारलंस की सांगू का. सांग. पण आधी ताईंना फोन. त्या बहुतेक प्रत्यक्ष ये म्हणतील, आणि चुकलेले दोन फॉलोअप भरून काढायलाही जायलाच हवं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरलीस तर दिवसात जाऊन रात्री घरी येशील. ऑर्डरी एक दिवस थांबतील. बायकोला सांगून झाल्यावर विचार, “पुण्याला येतेस का?” हो म्हणाली तर दोन तिकिटं काढ. नाही म्हणाली तर एक काढ आणि जा, आणि रात्री परत आल्यावर ताई काय म्हणाल्या ते तिनं विचारायच्या आधी तिला सांग.